वजन उतरवायचे, पण ताकद ठेवून

पावसाळ्यात भंडारा जिल्ह्यातील माणूस सकाळी वर्तमानपत्र उघडले की आधी एक आकडा शोधतो. कारध्याच्या पुलाजवळ वैनगंगेचे पाणी किती मीटरवर आहे? वरच्या धरणांतून किती पाणी आले आणि खाली गोसीखुर्दमधून किती सोडले, यावर तो आकडा ठरतो. येणे जास्त आणि जाणे कमी झाले की पातळी वाढते. मग लहान पूल पाण्याखाली जातो आणि लोकांची धावपळ उडते.

आपल्या वजनाचेही गणित पुष्कळसे असेच आहे. अन्नातून शरीरात येणारी शक्ती आणि कामातून खर्च होणारी शक्ती यांचा मेळ बसला नाही की वजनाचा काटा वर सरकतो. मात्र एक मोठा फरक आहे. नदीत येणारे सगळे पाणी एकाच जातीचे असते. अन्नातून येणारी शक्ती तशी नसते. ती भातातून आली, डाळीतून आली की तेलातून आली यावर शरीरात तिचे काय होणार हे ठरते. वजन उतरवू पाहणारे बहुतेक लोक पहिले गणित मांडतात आणि दुसरे विसरतात. म्हणून महिनाभर उपाशी राहूनही त्यांच्या पदरी अशक्तपणाशिवाय फारसे काही पडत नाही.

उष्मांक म्हणजे काय?

अन्नातील शक्ती उष्मांकांत, म्हणजेच कॅलरीत मोजतात. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास जेवढी उष्णता लागते, तो आहारशास्त्रातला एक उष्मांक. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि एक ग्रॅम प्रथिने यांपासून प्रत्येकी ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून, म्हणजे तेल-तुपापासून, ९ उष्मांक मिळतात. दारूच्या एका ग्रॅममध्ये ७ उष्मांक असतात. दारूचे उष्मांक कोणी मोजत नाही, पण शरीर मोजते.

भात, पोळी, पोहे, साबुदाणा, आलू आणि साखर हे मुख्यतः पिष्टमय पदार्थ. ते शरीराचे जळण होय. डाळी, कडधान्ये, दूध, दही, अंडी, मासे, मटण, सोयाबीन यांत प्रथिने जास्त. स्नायू, रक्त, केस, त्वचा आणि रोगाशी लढणारी द्रव्ये यांच्या घडणीसाठी प्रथिने लागतात. जळण जास्त झाले तर शरीर त्याची चरबी करून साठवते. प्रथिनांचा असा वेगळा साठा शरीरात नसतो. ती रोजच्या रोज मिळावी लागतात. नाही मिळाली तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून गरज भागवते.

काम बदलले, ताट तेच राहिले

आपला जिल्हा धानाचा. दोन पिढ्यांपूर्वी बांधीत चिखल तुडवत रोवणी करणारी, डोक्यावरून भारे वाहणारी आणि नदीपलीकडे भंडाऱ्याला पायी जाणारी माणसे ताटभर भात खात आणि तो जिरवतही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सांगितलेल्या प्रमाणानुसार कष्टाचे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषास दिवसाला सुमारे ३४७० उष्मांक लागतात, तर बैठे काम करणाऱ्यास २११०. स्त्रियांच्या बाबतीत, ५५ किलो वजन धरून, हेच आकडे २७२० आणि १६६० असे आहेत. म्हणजे शेतातून दुकानाच्या गल्ल्यावर किंवा कार्यालयाच्या खुर्चीवर आलेल्या पुरुषाची गरज साडेतेराशे उष्मांकांनी कमी झाली. ट्रॅक्टर आला, हार्वेस्टर आला, दाराशी मोटारसायकल आली. ताटातला भाताचा ढीग मात्र आजोबांच्याच मापाचा राहिला.

हे केवळ आपल्याच भागात घडले असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात आणि प्रथिनांतून केवळ १२ टक्के. याच पाहणीच्या २०२३ मधील अहवालात देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचे दिसून आले होते. पोट सुटणे आणि साखर वाढणे या दोन गोष्टी बहुधा हातात हात घालून येतात. म्हणून वजनाचा प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही.

अर्धे ताट करण्याची चूक

आता एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण अनेक घरांत लागू पडेल असे आहे. कारध्यात राहणारी पंचेचाळीस वर्षांची एक गृहिणी. उंची पाच फूट, वजन ६८ किलो. घरकाम आणि थोडा वेळ दुकानात बसणे हाच तिचा दिनक्रम. तिची रोजची गरज साधारण १८०० उष्मांकांची धरू.

तिचा दिवसाचा आहार पाहा. दोन्ही वेळचा मिळून कच्चा तांदूळ ३०० ग्रॅम, त्याचे १०५० उष्मांक. सकाळचे पोहे आणि संध्याकाळचा मूठभर चिवडा, ४५०. दोन-दोन चमचे साखरेचे तीन कप चहा, २२०. पातळ वरणात दिवसभरात ३० ग्रॅम डाळ, १००. भाज्या आणि त्यांवरचे तेल, २६०. एकूण २०८० उष्मांक. त्यांतले निम्मे एकट्या भाताचे. प्रथिने सगळी मिळून सुमारे ४५ ग्रॅम, आणि त्यांतीलही निम्मी तांदळातली.

वजन कमी करा, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर ती काय करते? सगळेच अर्धे करते. उष्मांक १०४० वर येतात. पण त्याबरोबर प्रथिनेही अर्धी होऊन २२ ग्रॅमच्या आसपास येतात. तिची गरज मात्र याच्या दुपटीहून अधिक आहे. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने उतरतो आणि तिला आनंद होतो. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे पाणी असते. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. जेवण तोडले की तो साठा संपतो आणि पाणी निघून जाते. पुढे चरबीबरोबर स्नायूही झिजू लागतात. जिना चढताना पाय भरून येतात, केस गळतात, चिडचिड होते, रात्री भुकेने झोप लागत नाही. दीड-दोन महिन्यांत ती हा नाद सोडते आणि पुन्हा जुन्या ताटावर येते. गेलेले वजन परत येते, पण स्नायू तेवढे परत येत नाहीत. येते ती चरबी. सहा महिन्यांनी ती पूर्वीपेक्षा जाड आणि पूर्वीपेक्षा अशक्त असते. दोष तिच्या निश्चयाचा नसतो, हिशेबाचा असतो.

हिशेब कसा मांडावा?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी उष्मांकांची मर्यादा ठरवावी, मग प्रथिने राखून ठेवावीत, मग तेल, आणि जे उरेल ते भात-पोळीला द्यावे. आपण नेमके उलट करतो. आधी भाताने पोट भरतो आणि उरलेल्या जागेत वरण बसवतो.

गरजेपेक्षा रोज ४०० ते ५०० उष्मांक कमी घेणे सुरक्षित समजले जाते. एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक साठलेले असतात. तेव्हा सुरुवातीला आठवड्याला साधारण अर्धा किलो, किंवा त्याहून थोडे कमी, वजन उतरावे. वजन उतरते तशी शरीराची गरजही घटते, म्हणून पुढे हा वेग मंदावतो. त्याने घाबरू नये.

आपल्या उदाहरणातील गृहिणीसाठी १४०० उष्मांकांची मर्यादा ठरवू. निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी असतात. परंतु वजन उतरवताना स्नायू टिकावेत म्हणून योग्य वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडी अधिक प्रथिने घेणे चांगले. तिच्या उंचीला ५३ किलोच्या आतील वजन योग्य, म्हणून तिने ६० ग्रॅम प्रथिने धरावीत. त्यांचे उष्मांक २४०. भाजी-दुधातील मिळून स्निग्ध पदार्थ ४० ग्रॅम, त्यांचे ३६०. उरले ८०० उष्मांक, म्हणजे २०० ग्रॅम पिष्टमय पदार्थ. पाहा, भात बंद करण्याची वेळ आलीच नाही. मेंदूचे जळण म्हणून दिवसाला किमान १३० ग्रॅम पिष्टमय पदार्थ घ्यावेत असे पोषण संस्था सांगते. त्याहून बरेच जास्त येथे शिल्लक आहेत.

चौदाशे उष्मांकांचे ताट

हा हिशेब आपल्याकडच्या स्वयंपाकात कसा बसतो ते पाहू. सर्व वजने कच्च्या जिनसांची आहेत.

चहा दिवसातून दोनदा, प्रत्येकी एक चमचा साखर, दूध एकूण १०० मिलिलिटर: ११० उष्मांक, प्रथिने ३ ग्रॅम.

सकाळी ४० ग्रॅम मुगाला मोड आणून केलेली उसळ, एक चमचा तेल, वरून कांदा आणि सांबार: २०० उष्मांक, प्रथिने ९ ग्रॅम.

दुपारी ७५ ग्रॅम तांदळाचा भात, ४० ग्रॅम तुरीच्या डाळीचे घट्ट वरण, भरपूर भाजी, दोन चमचे तेल आणि वाटीभर दही: ५९५ उष्मांक, प्रथिने २० ग्रॅम.

चार वाजता २० ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू: १२० उष्मांक, प्रथिने साडेचार ग्रॅम.

रात्री दोन लहान पोळ्या, पालेभाजी, १०० ग्रॅम रोहू मासा आणि एक चमचा तेल: ३५५ उष्मांक, प्रथिने २५ ग्रॅम.

एकूण १३८० उष्मांक आणि ६१-६२ ग्रॅम प्रथिने. मासे न खाणाऱ्यांनी त्याऐवजी ३० ग्रॅम सोयाबीनची वडी घ्यावी, तिच्यात सुमारे १५ ग्रॅम प्रथिने असतात. दोन अंड्यांतून १३ ग्रॅम मिळतात. बेसनाचे चूनही चालेल, मात्र तेलाचा हात आवरावा लागेल. ७५ ग्रॅम तांदळाचा शिजल्यावर साधारण दोन छोट्या वाट्या भात होतो. रोज तागडी घेऊन बसण्याची गरज नाही. एकदा किराणा दुकानात ७५ ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम डाळ मोजून घ्यावी, घरच्या वाटीत ती कोठपर्यंत येते ते पाहून ठेवावे, म्हणजे जन्माचे माप मिळाले.

वरणाची वाटी आणि वरणातली डाळ

आम्ही रोज दोन वाट्या वरण खातो, असे पुष्कळ लोक अभिमानाने सांगतात. प्रश्न वाटीचा नाही, वाटीतल्या डाळीचा आहे. पातळ वरणाच्या वाटीत बहुतांश पाणी असते आणि पाण्यात प्रथिने नसतात. आपल्या घरात खरोखर किती डाळ खाल्ली जाते हे जाणण्याची सोपी युक्ती म्हणजे किराण्याची यादी. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला २००० उष्मांक घेणाऱ्या माणसासाठी ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सुचवली आहेत. चार माणसांच्या घरात महिन्याला हे १० किलो होते. तेल याच मार्गदर्शनानुसार माणशी २७ ग्रॅम, म्हणजे चौघांना महिन्याला सव्वातीन किलोच्या आत. आपल्या यादीत डाळ तीन किलो आणि तेल पाच किलो असेल, तर दुखणे कोठे आहे हे कोणी सांगायला नको.

डाळ महाग आहे, हे खरे. रेशनवर तांदूळ मिळतो तशी डाळ सर्वांना मिळत नाही. पण चणे, सोयाबीनची वडी आणि अंडी यांतून कमी पैशात प्रथिने मिळतात. धुऱ्यावर तूर किंवा पोपटाच्या शेंगा लावणाऱ्या शेतकऱ्यांनी पीक सगळेच विकून टाकण्यापूर्वी घरचा वाटा बाजूला काढावा. लाखोळीच्या डाळीत प्रथिने भरपूर असली तरी तिच्यातील विषारी द्रव्यामुळे, ती महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पायांचा लुळेपणा येऊ शकतो. म्हणून प्रथिनांची उणीव भरून काढण्यासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये. जाहिरातींतील महागड्या प्रथिनांच्या भुकटीची सामान्य माणसाला गरज नाही. पोषण संस्थेनेही ती टाळण्याचा सल्ला दिला आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. अनेक घरांत बाई शेवटी जेवते. घट्ट वरण, माशाचे तुकडे, दही हे सर्व आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जाते. तिच्या वाट्याला येतो तो उरलेला भात आणि रस्सा. तीच बाई पुढे जाड होते आणि तिच्या अंगात रक्तही नसते. ‘खाते तर एवढेसे, तरी वजन कसे वाढते?’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा या शेवटच्या ताटात सापडते. घरात एकत्र बसून जेवण्याची सवय लावली तर अर्धा औषधोपचार झाला असे समजावे.

दोनदा जेवावे की आठदा?

नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर नेला. उलट ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या वेळाने खाण्याचा पुरस्कार केला. यावर घरोघरी वाद झाले. वजनापुरते बोलायचे तर ज्या पद्धतीत एकूण उष्मांक आटोक्यात राहतात आणि प्रथिने पुरी पडतात, ती पद्धत उपयोगी पडते. दोनदा जेवून दोन्ही वेळा भाताचे डोंगर केले तर लाभ नाही. दिवसभर चिवडा-फरसाण चघळले तरीही नाही. उपासाचेही तेच. १०० ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ३५० उष्मांक असतात आणि प्रथिने जवळजवळ शून्य.

व्यायामाची जोड

आहारात चुकले ते चालण्याने भरून निघेल, असा समज असतो. ६८ किलोच्या माणसाने अर्धा तास भरभर चालल्यास सुमारे १२० उष्मांक खर्च होतात, म्हणजे अडीच चमचे तेलाएवढे. तरीही चालावेच, कारण त्याने साखर आणि रक्तदाब ताब्यात राहण्यास मदत होते. त्याबरोबर आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठणे, भिंतीला हात लावून दंड काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे एवढेही पुरते. प्रथिने म्हणजे विटा, व्यायाम म्हणजे गवंडी. नुसत्या विटांनी घर उभे राहत नाही.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरावीक वारी, सकाळी शौचानंतर पाहावे. कमरेचा घेरही मोजावा. तो पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के वजन उतरले, म्हणजे ६८ किलोच्या माणसाचे साडेतीन ते सात किलो, तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू लागतो. एकदम सडपातळ होण्याचा हट्ट धरू नये.

कोणी सावध राहावे?

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी भात-पोळी कमी करण्यापूर्वी औषधाचे प्रमाण तपासून घ्यावे, नाहीतर साखर एकाएकी उतरून घेरी येऊ शकते. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता, वाढत्या वयाची मुले आणि क्षयरोगी यांनी मनाने आहार तोडू नये. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, त्यांनी कडक उपास आणि पाणी कमी पिणे टाळावे. दिवसाला १२०० पेक्षा कमी उष्मांकांचा आहार कोणीही वैद्यकीय देखरेखीशिवाय घेऊ नये. फार झपाट्याने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याची भीती असते. आणि काहीही न करता वजन आपोआप उतरू लागले, तर आनंद न मानता लगेच तपासणी करून घ्यावी.

पूर उतरायला वेळ लागतो. वर्षानुवर्षे चढलेले वजन पंधरा दिवसांत उतरवू पाहणे म्हणजे किनारेच खचवणे होय. उद्या सकाळी एवढेच करावे: भाताची एक वाटी कमी, डाळीची एक मूठ जास्त, तेलाचा एक चमचा कमी. महिनाभर हे नेमाने पाळावे, मग काट्यावर उभे राहावे.